गोचीड, भूल आणि रक्ताचा एक थेंब

सकाळचे साडेनऊ. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या टेबलावर अडीच वर्षांची एक गावठी कुत्री उभी आहे. नसबंदीसाठी आणलेली. मालक सांगतो, ‘‘डॉक्टरसाहेब, एकदम धडधाकट आहे बघा. काल दुपारी दोन भाकरी खाल्ल्या, संध्याकाळी ट्रॅक्टरमागे पळत होती.’’ डॉक्टर तिचा वरचा ओठ उचलून हिरड्या बघतात. फिकट. कान उलटून बघतात, तर आत चार-पाच गोचीड चिकटलेले. कानाच्या कडेला सुई टोचून रक्ताचा एक थेंब काचपट्टीवर घेतला जातो. थोड्या वेळाने मालकाला सांगितले जाते, की आज शस्त्रक्रिया होणार नाही. मालकाचा चेहरा पडतो. शेतातली कामे सोडून, रिक्षा करून जनावर आणायचे आणि एका थेंबावरून परत न्यायचे?

अंबड असो, भोकरदन असो की मंठा, जालना जिल्ह्यातल्या कुठल्याही दवाखान्यात घडावा असा हा प्रसंग. मालकाची नाराजी समजण्यासारखी आहे. पण त्या एका थेंबाने काय वाचवले, हेही समजून घ्यायला हवे. घरोघरी कुत्री-मांजरे पाळण्याचे प्रमाण वाढते आहे. नसबंदी, दातांची सफाई, गाठ काढणे, मोडलेले हाड बसवणे, अशा कामांसाठी त्यांना भूल द्यावी लागते. अशा वेळी मालकाला दोन टोकांचे सल्ले मिळतात. एक म्हणतो, ‘‘जनावराला कसल्या आल्यात तपासण्या?’’ दुसरा म्हणतो, ‘‘सगळ्या करून घ्या, धोका नको.’’ खरी गोष्ट या दोहोंच्या मध्ये आहे.

भूल म्हणजे झोप नव्हे

झोपलेल्या कुत्र्याला हाक मारली की ते जागे होते. भूल दिलेले कुत्रे जागे होत नाही, कारण त्याच्या मेंदूचे काम औषधाने तात्पुरते दाबलेले असते. त्याबरोबर इतरही गोष्टी मंदावतात. श्वास उथळ होतो, रक्तदाब उतरतो, अंगातली ऊब कमी होते. आपल्याकडे प्राण्यांसाठी वापरात असलेल्या झायलाझिनसारख्या औषधाने हृदयाचे ठोके बरेच कमी होतात. पुढे ही औषधे शरीराबाहेर टाकण्याचे काम प्रामुख्याने यकृत आणि मूत्रपिंडे करतात.

निरोगी प्राणी हा ताण सहज सोसतो. पण रक्त कमी असेल, तर आधीच कमी असलेला प्राणवायू आणखी कमी पोहोचतो. मूत्रपिंडे थकलेली असतील, तर रक्तदाबातली थोडी घसरणही त्यांना महागात पडते. यकृत बिघडलेले असेल, तर औषधाचा अंमल लांबतो. प्लेटलेट कमी असतील, तर भूल निभावते, पण जखमेतून रक्त थांबत नाही.

किती फरक पडतो, याचा अंदाज ब्रिटनमधल्या एका मोठ्या पाहणीवरून येतो. २००२ ते २००४ या काळात भूल दिलेल्या सुमारे ९८ हजार कुत्र्यांची आणि ७९ हजार मांजरांची नोंद तिथे ठेवण्यात आली. भुलेशी संबंधित मृत्यूचे प्रमाण कुत्र्यांमध्ये साधारण ६०१ मध्ये एक आणि मांजरांमध्ये ४१९ मध्ये एक इतके आढळले. पण हे सरासरीचे आकडे झाले. निरोगी कुत्र्यांचे वेगळे काढले तेव्हा प्रमाण १,८४९ मध्ये एक निघाले आणि आजारी कुत्र्यांचे ७५ मध्ये एक. भूल देण्याची पद्धत तीच, दवाखाने तेच. धोका मात्र जवळजवळ पंचवीसपट. म्हणून भूल देण्याआधी सोडवायचा प्रश्न एकच असतो. समोरचा प्राणी यातल्या कोणत्या गटातला आहे?

सगळ्यांच्या सगळ्या तपासण्या?

मग प्रत्येक प्राण्याच्या सगळ्या तपासण्या का करू नयेत? या प्रश्नावर माणसांच्या वैद्यकातही बराच खल झाला आहे. मोतीबिंदूच्या १९ हजारांहून अधिक शस्त्रक्रियांचा एक अमेरिकी अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. निम्म्या रुग्णांच्या नेहमीच्या तपासण्या केल्या, निम्म्यांच्या केल्या नाहीत. गुंतागुंतीचे प्रमाण दोन्हीकडे सारखेच आले.

प्राण्यांच्या बाबतीत असाच प्रश्न जर्मनीतल्या लाइपझिग इथे विचारला गेला. भूल देण्यापूर्वी १,५३७ कुत्र्यांचे रक्त तपासले. त्यातल्या ८४ टक्के कुत्र्यांच्या बाबतीत मालकाने दिलेली माहिती आणि डॉक्टरांची तपासणी एवढ्यावरून रक्ततपासणीची गरज दिसत नव्हती. या गटात रक्ताच्या अहवालामुळे भुलेची पद्धत बदलावी लागेल अशी कुत्री हजारात दोनच निघाली. २००८ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

वयस्क कुत्र्यांचे चित्र निराळे आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या एका अभ्यासात सात वर्षांपुढच्या १०१ कुत्र्यांची भूल देण्यापूर्वी तपासणी केली. त्यात तीस नवे आजार हाती लागले आणि तेरा कुत्र्यांना भूल देण्याचा बेत रद्द करावा लागला. कुत्र्याचे सातवे-आठवे वर्ष म्हणजे माणसाची पन्नाशी, हे लक्षात घेतले तर यात नवल वाटायला नको.

जास्त तपासण्यांची एक अडचणही असते. अहवालावर छापलेली ‘नॉर्मल’ मर्यादा अशी ठरवलेली असते, की शंभर निरोगी प्राण्यांपैकी पाच तिच्या बाहेर पडतातच. एका निरोगी कुत्र्याच्या वीस वेगवेगळ्या तपासण्या केल्या, तर निदान एक तरी आकडा मर्यादेबाहेर येण्याची शक्यता गणिताने सुमारे ६४ टक्के निघते. मग त्या आकड्यामागे आणखी तपासण्या, आणखी खर्च, आणखी काळजी. म्हणून तपासणी नेमकी असावी, आणि ती कोणती करायची हे प्राण्याला हात लावून, मालकाशी बोलून ठरवावे.

लाइपझिग वेगळे, जालना वेगळे

इथे एक सावधगिरी हवी. थंड हवेच्या जर्मनीतल्या कुत्र्यांवरचा निष्कर्ष मराठवाड्यातल्या कुत्र्यांना जसाच्या तसा लावता येत नाही. आपल्याकडे कुत्र्याच्या अंगावरचा तपकिरी गोचीड वर्षभर जगतो. दगडी भिंतींच्या फटी, गोठ्याचे कोपरे, कुत्र्याच्या पोत्याखालची जमीन, ही त्याची आवडती ठिकाणे. एक मादी हजारो अंडी घालते. रक्त पिताना हा गोचीड कुत्र्याच्या शरीरात काही सूक्ष्म जंतू सोडतो. त्यातले दोन महत्त्वाचे आहेत.

पहिला एर्लिकिया. तो पांढऱ्या पेशींत राहतो. संसर्ग झाल्यावर एक ते तीन आठवड्यांनी ताप येतो, कुत्रे खात नाही, मलूल होते. अनेकदा ते आपोआप सावरते आणि मालकाला वाटते, बरे झाले. प्रत्यक्षात जंतू शरीरात लपून राहू शकतो, कधी काही महिने, कधी काही वर्षे. या काळात कुत्रे खाते, खेळते, ट्रॅक्टरमागे पळते. रक्तातले प्लेटलेट मात्र कमी झालेले असतात. दुसरा बबेसिया. तो तांबड्या पेशींत शिरून त्या फोडतो, त्यामुळे रक्त कमी होते. तीव्र आजारात लघवी लालसर किंवा काळ्या चहासारखी होते. सौम्य आजारात हिरड्या फिकट होण्यापलीकडे फारसे काही दिसत नाही.

गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियेत मोठ्या रक्तवाहिन्या बांधाव्या लागतात. प्लेटलेट कमी असलेल्या कुत्रीच्या पोटात शिवण घातल्यावरही रक्त झिरपत राहू शकते. माणसाला जसे रक्तपेढीतून पटकन रक्त आणता येते, तसे कुत्र्यासाठी तालुक्याच्या गावी आणणे सोपे नसते. म्हणून गोचिडांच्या मुलखात तरुण, धडधाकट दिसणाऱ्या कुत्र्याच्या बाबतीतही रक्ताची एक साधी तपासणी केलेली बरी.

ही तपासणी महाग नाही. कानाच्या कडेच्या बारीक रक्तवाहिनीतला थेंब काचपट्टीवर पसरून, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघितला की बबेसिया दिसू शकतो. प्लेटलेट पुरेसे आहेत की विरळ, याचाही अंदाज येतो. बारीक काचनळीत रक्त फिरवून तांबड्या पेशींचा भाग किती टक्के, हे काही मिनिटांत कळते. निरोगी कुत्र्यात तो साधारण ३७ ते ५५ टक्के असतो. एर्लिकिया मात्र काचपट्टीवर सापडेलच असे नाही. संशय असेल तर त्याची वेगळी चाचणी करावी लागते. निदान पक्के झाले, तर डॉक्सिसायक्लिनचा कोर्स सहसा चार आठवडे चालतो. शस्त्रक्रिया तातडीची नसेल, तर तेवढे थांबणे हाच शहाणपणा.

अहवाल कुणाच्या मापाने वाचायचा?

आपल्याकडे प्राण्यांचे रक्त पुष्कळदा माणसांच्या लॅबमध्ये तपासायला जाते. त्यात गैर काही नाही, पण दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. पहिली, अहवालावर छापलेल्या मर्यादा माणसाच्या असतात. मांजराचे हिमोग्लोबिन साडेनऊ आले, तर अहवालात ते ‘कमी’ म्हणून ठळक छापले जाईल. मांजरासाठी मात्र ते ठीक आहे, कारण मांजरात साधारण आठ ते पंधरा हे प्रमाण निरोगी मानतात.

दुसरी गोष्ट यंत्राची. मांजराच्या तांबड्या पेशी माणसापेक्षा बऱ्याच लहान आणि प्लेटलेट मोठे असतात. माणसांच्या रक्तासाठी लावलेले यंत्र त्यात गोंधळते. शिवाय मांजराचे प्लेटलेट एकमेकांना चिकटून गोळे होतात आणि यंत्र त्यांची संख्या फार कमी दाखवते. अशा वेळी काचपट्टीवर डोळ्यांनी खात्री करावी लागते. मांजर घाबरले तरी त्याची रक्तातली साखर वाढते. तेवढ्यावरून त्याला मधुमेही ठरवू नये.

जातीचाही फरक पडतो. आपल्याकडे गावोगावी कारवान, पश्मी अशी सडपातळ, वेगवान कुत्री पाळण्याची जुनी हौस आहे. ग्रेहाऊंडसारख्या शिकारी जातींत तांबड्या पेशींचे प्रमाण इतर कुत्र्यांपेक्षा जास्त आणि प्लेटलेट कमी असणे, हे आजाराचे लक्षण नसते. ग्रेहाऊंडमध्ये थायोपेंटोनसारख्या भुलेच्या औषधाचा अंमलही जास्त वेळ टिकतो. आपल्या शिडशिडीत कुत्र्यांनाही भूल देताना हे ध्यानात ठेवावे. पग, शिह त्झू अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांची अडचण वेगळी. त्यांची श्वासाची वाट मुळातच अरुंद असते. रक्ताचा अहवाल कितीही चांगला असला, तरी भुलेतून बाहेर येताना त्यांचा श्वास अडकू शकतो. जालन्याच्या एप्रिल-मेमधल्या उन्हात हा धोका आणखी वाढतो. तातडीची नसलेली शस्त्रक्रिया अशा कुत्र्यांसाठी थंडीच्या दिवसांत ठेवावी.

बैल, म्हैस, शेळी यांचे प्रश्न आणखी वेगळे. पूर्ण भूल दिली की रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातला चारा घशात येऊन फुप्फुसात जाण्याची भीती असते, पोटही फुगते. म्हणून त्यांची अनेक कामे उभ्यानेच, तेवढाच भाग बधिर करून उरकतात. गाय-बैलांना झायलाझिन घोड्याच्या साधारण दशांश मात्रेतच पुरते. एका जनावराचे औषध अंदाजाने दुसऱ्याला टोचणे म्हणूनच जिवावर बेतते.

जी तपासणी लॅबमध्ये होत नाही

काही माहिती फक्त मालकाकडेच असते. गोचीड मारायला कुत्र्याला कोणते औषध लावले आणि कधी, हा त्यातला मोठा प्रश्न. गोचिडांसाठी वापरले जाणारे अमिट्राझ शरीरात काही प्रमाणात झायलाझिनसारखेच काम करते. ठोके कमी करते, गुंगी आणते, साखर वाढवते. सकाळी शस्त्रक्रिया म्हणून आदल्या संध्याकाळी कुत्र्याला अमिट्राझने स्वच्छ अंघोळ घातली, तर हेतू चांगला असूनही भुलेचा धोका वाढतो. काही जण तर कपाशीवर फवारायचे कीटकनाशकच पाण्यात मिसळून कुत्र्याला चोळतात. ते कधीच करू नये. मुळात ते विषच असते. त्यातली काही कीटकनाशके मज्जासंस्थेवर काम करतात आणि भुलेच्या औषधांशी त्यांचा मेळ बसत नाही. असे काही लावले असेल तर न लाजता डॉक्टरांना सांगावे. रक्ताच्या नेहमीच्या अहवालात ते दिसत नाही.

घरातल्या गोळ्यांचेही तसेच. कुत्रे लंगडते म्हणून माणसाची डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन दिली जाते. या गोळ्यांनी कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंडांना इजा होते. मांजराला तर पॅरासिटामॉलची एक गोळीही जीवघेणी ठरू शकते. मागच्या आठ-पंधरा दिवसांत काय काय पोटात गेले, ते आठवून सांगावे.

वजन हीदेखील तपासणीच आहे. भुलेची मात्रा किलोवर ठरते. दवाखान्यात काटा नसेल, तर घरच्या काट्यावर आधी कुत्र्याला उचलून घेऊन उभे राहावे, मग एकट्याने, आणि वजाबाकी करावी. उपाशी ठेवण्याबाबतही गैरसमज आहेत. मोठ्या कुत्र्याला साधारण सहा ते आठ तास अन्न देत नाहीत, पाणी मात्र शस्त्रक्रियेच्या थोडे आधीपर्यंत चालते. दोन-अडीच महिन्यांच्या पिल्लाला रात्रभर उपाशी ठेवले, तर त्याची साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. किती तास थांबायचे, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

या साऱ्यानंतर तपासण्यांचा हिशेब सोपा होतो. तरुण, निरोगी दिसणाऱ्या कुत्र्याला नीट अंगतपासणी, तांबड्या पेशींचे प्रमाण आणि काचपट्टी पुरते. सात वर्षांपुढचा प्राणी असेल, तर यकृत-मूत्रपिंडांची तपासणी, साखर आणि लघवी यांची भर घालावी. हृदयात वेगळा आवाज ऐकू आला, खोकला असेल, दम लागत असेल, तर एक्स-रे, ईसीजी किंवा सोनोग्राफी. लागेल ती सोय तालुक्याला नसेल, तर परभणी किंवा उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा रस्ता धरावा. आणि गर्भाशयात पू झाला आहे, जनावर अत्यवस्थ आहे, अशा वेळी अहवालांची वाट बघत बसू नये. सलाईन लावून, होतील तेवढ्या तपासण्या करून शस्त्रक्रिया उरकणेच योग्य.

हैदराबादच्या कुत्र्यांचा धडा

जालना ज्या निजामाच्या राज्यात होते, त्याच राज्याच्या राजधानीत भुलेवरचे जगप्रसिद्ध प्रयोग झाले, तेही कुत्र्यांवर. १८८८ आणि १८८९ साली हैदराबादेत क्लोरोफॉर्म आयोग बसले. रेसिडेन्सीचे सर्जन एडवर्ड लॉरी त्याचे प्रणेते. निजामाने पैसा पुरवला. लंडनच्या ‘लॅन्सेट’ने दुसऱ्या आयोगासाठी लॉडर ब्रन्टन यांना धाडले. शेकडो कुत्र्यांना क्लोरोफॉर्म देऊन निष्कर्ष काढला गेला, की आधी श्वास थांबतो, हृदय नंतर. तेव्हा श्वासावर लक्ष ठेवले की पुरे.

पुढे १९११ मध्ये ए. जी. लेव्ही यांनी मांजरांवरच्या प्रयोगांत दाखवले, की हलक्या क्लोरोफॉर्मच्या अमलात हृदय अचानक बेताल होऊन आधी थांबू शकते. एकाच गोष्टीवर नजर ठेवली, की दुसरी निसटते. चांगला रक्त-अहवाल हाती आला म्हणून निर्धास्त होणाऱ्यांनाही हे लागू आहे. ब्रिटनच्या त्या पाहणीत मृत्युमुखी पडलेल्या कुत्र्यांपैकी जवळपास निम्मी आणि मांजरांपैकी सुमारे ६१ टक्के शस्त्रक्रियेनंतर गेली होती, आणि त्यातली बरीचशी पहिल्या तीन तासांत. म्हणून टाके पडल्या पडल्या जनावर रिक्षात घालून निघू नये. ते स्वतः मान धरून बसेपर्यंत, हिरड्या गुलाबी दिसेपर्यंत दवाखान्यातच थांबावे. अंग गार पडू देऊ नये, तसेच उन्हात तापलेल्या पत्र्याखालीही ठेवू नये. श्वास मोजत राहावा.

त्या गावठी कुत्रीसारख्या कुत्रीला गोचीडतापाचे औषध सुरू होते. अंगावरचे आणि गोठ्यातले गोचीड पशुवैद्यांच्या सल्ल्याने काढले जातात. कोर्स संपला की पुन्हा एक थेंब, पुन्हा एक काचपट्टी. प्लेटलेट भरलेले दिसले की तारीख ठरते. मालकाची एक खेप वाढलेली असते. पण घरी परतताना कुत्री रिक्षात त्याच्या पायाशी बसलेली असते.